कुरणवाडीचे दोन साक्षीदार

येडशी,
ता. २१ नोव्हेंबर १९४८

चि. महारुद्र यास शांतलिंग गुरुजीचे आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला. पस्तीस वर्षे हात तसाच वळत आला आहे, त्याला माझा इलाज नाही. मनात आज तुझ्यासाठी तसले काही नाही.

धाराशिवच्या मुख्य कचेरीतून नोंदवही परत आली. निर्वासित साहाय्य समितीचा चिटणीस म्हणून पानापानावर तुझी सही आहे. अक्षर अजून तेच, उजवीकडे कललेले. मी पट्टी मारूनही सरळ झाले नव्हते. मी पाठवलेल्या चाळीस नावांपैकी एकोणचाळीस तू मंजूर केलीस आणि सव्विसाव्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढलीस. शेजारी दोन शब्द लिहिलेस: ओळख नाही.

कुणाला नाही? तुला?

सव्विसावी ओळ म्हणजे अमीनबी, राहणार कुरणवाडी, धंदा बांगड्या भरण्याचा. आमच्या गावची मणेरीण. तू आमच्या ओसरीवर राहून चौथी केलीस. त्याच ओसरीवर नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिची टोपली उतरायची, आणि आमच्या घरच्या गिरिजाबाईंपासून गल्लीतल्या शेंबड्या पोरीपर्यंत सगळ्या हात पुढे करून रांगेत बसायच्या. तू तिथेच पाटीवर गणिते करायचास आणि चुकवायचास. ती तुला हसायची. 'मास्तर, ह्या पोराचं ध्यान काकणांत हाय, ह्याला माज्याकडं लावा धंद्याला,' म्हणायची. एवढे मला आठवते आणि तुला ओळख नाही?

गेल्या साली रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे पळाली. हद्दीपलीकडे बार्शीकडच्या माळावर आपण छावणी काढली, तेव्हा आलेल्यांना जात विचारली नव्हती. गाव विचारले होते. सप्टेंबरात फौज आली, निजामाची राजवट पडली, आपण लोकांना घरी पोचवले. मग सुडाच्या भीतीने त्याच गावांतून दुसरे लोक, मुसलमान, पळाले. ज्या वाटेने हे आले त्याच वाटेने ते गेले. आपल्या समितीच्या नावात निर्वासित असा शब्द आहे. त्याच्या अलीकडे पलीकडे मला तरी दुसरे काही लिहिलेले दिसत नाही.

सरकारी अधिकारी २० डिसेंबरला याद्या घेणार. ज्याला समितीचा नंबर, त्याला घराचा ताबा आणि गावात पोचवायला शिपाई. ज्याला नंबर नाही, त्याचे घर बेवारस. हे तुला मी सांगायला नको, ते परिपत्रक तूच काढलेस.

रेघ खोडून नंबर पाठव.

शांतलिंग


येडशी,
ता. २९ नोव्हेंबर

महारुद्र,

तुझे पत्र मिळाले. चार ओळींचे. पूर्वी तुला चार ओळींत काही सांगता यायचे नाही, बैलपोळ्यावर निबंध लिही म्हटले की वही भरायचास. चिटणीस झाल्यावर सुधारलास.

तू लिहितोस, 'नियम असा आहे की, अर्जदाराच्या गावच्या दोन घरधन्यांनी ओळख दिल्याशिवाय नोंद होत नाही. हा नियम आपणच केला आहे.'

होय, मीच केला. छावणीत पहिल्या आठवड्यात काय गोंधळ होता ते आठव. कुणाजवळ कागद नाही, शिक्का नाही. घर जळताना माणूस पोर उचलतो, जमिनीचा कागद उचलत नाही. आणि धान्य घ्यायला आसपासचे उपटसुंभ रांगेत घुसत होते. तेव्हा मी म्हटले, कागद नसला तर नसो, माणसाला त्याचे गाव तर ओळखते ना? गावचे दोघे उभे राहू देत. आण्णासाहेब अध्यक्ष त्या दिवशी म्हणाले होते, गुरुजी, वकिलाला सुचले नसते. मला बरे वाटले होते. खोटे कशाला बोलू, अजून त्या वाक्याची गोडी जिभेवर आहे.

पण तेव्हा गावच्या गाव एकत्र आले होते. एकाला उभे केले की दहा जण हात वर करीत. आता ही बाई एकटी आहे, आणि जे तिला ओळखतात तेच तिच्या वाटेत उभे आहेत. ज्यांनी हाकलले त्यांच्याकडूनच 'ही आमची' असे लिहून आण, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचे? ती गेली होती, ठाऊक आहे तुला? अकरा घरे फिरली. एक म्हणाला, घरात कुणी न्हाय. एक म्हणाला, अमीनबी मंजी कोण? पोलीसपाटील म्हणाला, आमच्या गावात मणेराचं घर कवा नव्हतंच. एका घरी गल्लीतल्या कस्तुराबाई दारात होत्या. त्यांनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले. तिनेच भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या ना त्या हातांत!

दुसरे तू लिहितोस, 'आपल्या माणसांची घरे अजून उभी राहिली नाहीत, आणि आपण कुणासाठी भांडता?' आपली माणसे. हे नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात बसते ते कळव. मी नवे रकाने आखून ठेवतो.

आणि शेवटची ओळ. 'आपण कुरणवाडीचेच आहात. आपली सही साक्षीच्या रकान्यात का नाही?'

नोंद घेणाऱ्याने साक्ष होऊ नये असे कलम तिसरे आहे. छावणीतला तो कारकून आपल्याच पाहुण्यांना ओळखी देत सुटला होता, त्यानंतर ते घातले. येडशीला नोंद घेणारा मी. म्हणून माझी सही नाही. बस्स. यात दुसरे काही शोधू नकोस.

शांतलिंग


येडशी,
ता. ८ डिसेंबर

महारुद्र,

तू उत्तर दिले नाहीस. तरी लिहितो, कारण मागच्या पत्राचा शेवट मला नऊ दिवस बोचतो आहे. रागात लिहिले की मी अक्षर चांगले काढतो आणि मजकूर वाईट.

ती आली त्या दिवसाचे सांगतो.

धर्मशाळेच्या पुढच्या खोलीत आपली कचेरी. गर्दी होती. कुरणवाडीचेही चौघे कोपऱ्यात बसले होते, बियाण्याच्या चिठ्ठीसाठी. दारात एक बाई उभी राहिली. कपाळापर्यंत पदर, पायांत काही नाही. मी ओळखले. मान वर करण्याआधी, नुसत्या उभे राहण्यावरून ओळखले. तीस वर्षे माझ्या उंबऱ्यात ती तशीच एका पायावर भार देऊन उभी राहात आली आहे.

आणि मी विचारले, 'नाव काय? गाव कुठले?'

ती हसली, महारुद्र. थट्टा वाटली तिला. म्हणाली, 'काय वं गुरुजी, गिरजाक्काला इचारा की नाव. ऊन लागलं व्हय डोळ्यांला?'

कोपऱ्यातले चौघे माझ्याकडे बघत होते. मी दौतीत टाक बुडवला आणि पुन्हा विचारले. 'बाई, नाव सांगा. नियम आहे.'

मग ती हसली नाही. नाव सांगितले, गाव सांगितले, घर दोन खोल्यांचे, वर मातीचे माळवद, दारात शेवगा, हे सांगितले. मुलाबद्दल विचारल्यावर 'दस्तगीर' एवढेच म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. मी पुढचा प्रश्न विचारला. दस्तगीरचे काय झाले हे तिने आजवर सांगितलेले नाही आणि मला विचारण्याचा धीर झालेला नाही.

माझ्या पाठीमागे भिंतीवर खडूने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. छावणीतल्या पोरांसाठी मीच केल्या होत्या, तुला पाठ असतील:

नदी आपुली ती, तिचा काठ सोडू
कसा सांग आई, कसा बंध तोडू

भुजंगप्रयातात आहेत. एकही मात्रा चुकलेली नाही. संध्याकाळी पोरे टाळ्या वाजवून म्हणायची तेव्हा मला आमची जुनी शाळा दिसायची, पटांगणातली चिंच, माडीवरून उर्दूचा तास आणि खालून माझी कविता, रामलिंगाच्या रानातून मोराची ओरड, आणि वाटायचे, शिक्षकाचा जन्म सार्थकी लागला. त्या ओळींखाली बसून मी तिला म्हणालो, 'दोन घरधनी घेऊन या, मग बघू.'

मी तिला त्या अकरा दारांवर पाठवले. तू नाही पाठवलेस, मी पाठवले.

कलम तिसरे खरे आहे. पण मी नोंदीचे काम त्याच घटकेला खाली ठेवू शकत होतो. टाक दुसऱ्याच्या हाती दिला असता आणि रकान्याच्या पलीकडे जाऊन सही केली असती, तर कुठल्या कलमाने अडवले असते? मला ते सुचले होते. सुचले नाही असे नाही. पण मला चैत्रात गावी परतायचे आहे, त्याच गल्लीत, त्याच चौघांच्या शेजारी. विहीर एक आहे. हे सगळे टाक दौतीतून वर येईपर्यंत माझ्या मनात येऊन गेले. मग साक्षीचा रकाना कोरा ठेवून नाव लिहिले आणि तुझ्याकडे ढकलले. म्हटले, महारुद्र बघेल. तू बघितलेस, आणि तुझ्या धाराशिवातल्या चौघांकडे बघून रेघ ओढलीस. तुझा मला संताप येतो तो यासाठी की, ती रेघ तू माझ्याकडूनच शिकलास.

गिरिजाबाईंना काल सांगितले. त्या भाकरी थापीत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, 'माझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला. तुमी नाव इचारलाव तिला?' तेव्हापासून ताट समोर येते, शब्द येत नाही.

सध्या ती स्टेशनच्या मालगुदामाच्या ओट्यावर राहते.

शांतलिंग


येडशी,
ता. १४ डिसेंबर

महारुद्र,

काल कुरणवाडीला जाऊन आलो. कुणी घोंगडी अंथरली नाही.

पाटलाकडे गेलो. म्हणाला, 'गुरुजी, तुमी आपलं कविता करा.' कस्तुराबाई मागल्या दारी शेण लावीत होत्या. त्यांना म्हटले, तुम्ही तरी सांगा, अमीनबीला ओळखता ना? त्यांनी इकडे तिकडे बघितले. म्हणाल्या, 'वळखत न्हाय तर काय! बाळंतपणाला हुती माझ्या. माझी सही चालती का?' मी म्हणालो, नियमात घरधनी आहे, पुरुष पाहिजे. 'मग आमाला कशाला इचारता?' असे म्हणून त्या पुन्हा सारवायला लागल्या. पस्तीस घरांचे गाव. सत्तर हात त्या बाईने धरलेले, आणि मी नियम करताना त्यातला एकही हात धरला नाही. त्या वेळी आण्णासाहेबांनाही सुचले नाही. शहाणे आम्ही सगळे.

मग अमीनबीच्या घरी गेलो. त्यात कोण राहते ते तुझ्या वहीत आहेच. उत्तरेश्वर. मे महिन्यात रझाकारांनी त्याचे घर जाळले, चार महिने छावणीत होता, आणि ऑक्टोबरात तुम्ही त्याला हे रिकामे घर दाखवून दिलेत. शेवगा दारात तसाच आहे. तो खाटेवर दोर विणत होता, त्याची बायको सिताबाई जात्यावर.

'या गुरुजी,' तो म्हणाला. 'घर बघाया आलाव का घर घ्याया?'

'सही घ्यायला.'

'म्या अंगठ्याचा माणूस.'

'अंगठा घ्यायला, मग.'

मी सगळे सांगितले. नंबर मिळाला तर घर तिला परत द्यावे लागेल, हेही सांगितले; लपवले नाही. जाते थांबले. सिताबाई म्हणाल्या, 'आवं, न्हाय म्हणा. दिस भरत आल्यात माजं. आपुन कुटं जायाचं?'

त्याने दोर ओढून घट्ट केला. मग म्हणाला, 'गुरुजी, म्या छावणीत आलो तवा तुमी मला इचारलं, तुला कोण वळखतं? म्या म्हणलं, समदं गाव. तुमी म्हणलाव, समदं नगं, दोघं आण. मला दोघं घावलं. हिला समदं गाव वळखतं आन दोघं घावंनात. ह्यो कसला नियम वं?'

'नियम चांगला होता, उत्तरेश्वर,' मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आला.

'आसंल. तुमी पोरांस्नी ते नदीचं गाणं शिकिवताना डोळं पुसायचाव. आमाला वाटायचं, गुरुजी लई हळवं. हितं नगा पुसू, हितं काय तरी करा.'

चिडण्याचा हक्क नव्हता.

'आता माजं ऐका,' तो म्हणाला. 'ह्या घराच्या मागं पाटलाचा गोठा हाय. त्याला जागा पायजे, मला ठावं हाय. आज तिला वळखत न्हाय म्हंत्यात. उद्या मला म्हंतील, कोण उत्तरेश्वर? माज्याजवळ तरी कागद कुटं हाय? तुमच्या समितीच्या तोंडाचा सबूद तेवढा. म्या अंगठा देतो. पर बोली अशी, की माजं माळवद चढंपतूर एक खोली माजी. तिला इचारा.'

'आन न्हाय म्हणली तर?' सिताबाई.

'तर चिंचंखाली. छावणीत काय महालात हुतीस का?'

बाईंनी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि जाते पुन्हा सुरू केले.

परत येऊन मालगुदामाच्या ओट्यावर अमीनबीला विचारले. ती रुळाकडे बघत होती. म्हणाली, 'त्याची बायकू पोटुशी हाय न्हवं? मला हाकललं त्या दिशी मागल्या खोलीत माजी काकणांची पेटी फोडली त्यांनी, काचांचा चुरा पडलाय समदा. नीट झाडून घ्या म्हणावं. अनवाणी फिरू नगं म्हणावं तिला.'

हे तिचे उत्तर. खोली देते की नाही, ते मी पुन्हा विचारले नाही.

शांतलिंग


धाराशिव, समितीची ओसरी,
ता. १९ डिसेंबर, सकाळ

महारुद्र,

हे पत्र टपालाने येत नाही. जो माणूस हे तुझ्या हातात देतो आहे तो उत्तरेश्वर. तू त्याला घर दिलेस, पण बहुधा पाहिलेले नाहीस. पत्र वाचून होईपर्यंत तो समोर उभा राहील. त्याला बसायला सांग. पहाटे निघून चालत आला आहे, आणि निघताना पाटलाच्या माणसांनी त्याला वेशीत अडवले होते. गालाला लागले आहे ते त्याचेच.

सोबत तीन कागद आहेत.

पहिला माझा राजीनामा, कालच्या तारखेचा. येडशीची नोंदवही, दौत, शिक्का गिरिजाबाईंच्या समक्ष मोजून आण्णासाहेबांच्या माणसाकडे दिले. आता मी नोंद घेणारा नाही. कुरणवाडीतला एक घरधनी आहे. चैत्रात तिथे परत जाता येईल की नाही, ते चैत्रात बघू.

दुसरा ओळखपत्राचा. त्यावर उत्तरेश्वरचा अंगठा आणि माझी सही, दोन्ही आजच्या तारखेची. राजीनाम्याची तारीख आधीची आहे. तू क्रम तपासशीलच, तपास. नियम केलेला माणूस सांगतो, यात कुठे फट नाही. मी सबंध रात्र शोधली.

तिसऱ्या कागदाला नियमात जागा नाही. त्यावर कस्तुराबाईंचा अंगठा आहे, सिताबाईंचा आहे, आणि गिरिजाबाईंची सही आहे. त्यांना मी म्हातारपणी अक्षर शिकवले, वाकडे आहे, हसू नकोस. कस्तुराबाई पाण्याच्या निमित्ताने विहिरीवर आल्या आणि तिथेच शाई लावून घेतली. हा कागद तू फाडलास तरी कायद्याने तुला कुणी काही म्हणणार नाही. फाडायचा असेल तर उत्तरेश्वरच्या समोर फाड.

तू म्हणशील, धाराशिवात माझ्यावर दडपण आहे, तुम्हाला काय कळते. कळते. तुझ्या कोपऱ्यातही चौघे बसलेले असतील. या घटकेला ते तुझ्याकडे बघत असतील. मला तो टाक किती जड होतो ते ठाऊक आहे, म्हणून तर एवढे लिहिले. मी तुझ्यावर ओरडायला आलो होतो. गाडीत येताना सगळे शब्द जुळवून ठेवले होते, चांगले कडक. इथे ओसरीवर बसल्यावर, अमीनबी शेजारी अंग चोरून बसली असताना, ते सगळे माझ्याच अंगावर येतात. तरी राग आहे. तो ओसरणार नाही, आणि ओसरावा असे मला वाटतही नाही. नंबर मिळाला तरी तू रेघ ओढली होतीस हे खरे राहील, आणि मी नाव विचारले होते हे खरे राहील. त्या नंबराने दस्तगीर परत येणार नाही.

उद्या साहेब याद्या घेणार. आज वही तुझ्यासमोर उघडी असेल.

मी आत येत नाही. मला बघून तू उठून उभा राहशील, गुरुजी गुरुजी करशील, चहा मागवशील, आणि त्यात दुपार होईल. तू फक्त नंबर घाल आणि नाव लिही.

उत्तरेश्वरला वाचता येत नाही. तेव्हा लिहून झाले की त्याला मोठ्याने वाचून दाखव, नाव, गाव, नंबर, सगळे. दार उघडे ठेव. आम्ही ओसरीवरच आहोत.

शांतलिंग